अ‍ॅलर्जी ओळखायची कशी, तपासायची कशी, आवरायची कशी

अ‍ॅलर्जीच्या निदानात सगळ्यात जास्त वजन रुग्णाच्या हकिकतीला असते. काय खाल्ले, कशाला हात लागला, काय चावले, किती मिनिटांनी काय सुरू झाले आणि कधी ओसरले, एवढे नेमके सांगता आले तर डॉक्टरांचे निम्मे काम तिथेच होते. चाचणी त्यानंतर येते आणि ती हकिकतीला जोडूनच वाचायची असते. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी रक्ताच्या ढीगभर तपासण्या आणि मग त्यांच्या आकड्यांवरून पथ्य, की माणूस चांगले अन्न विनाकारण सोडून बसतो आणि खरा त्रास तसाच राहतो.

शरीरात घडते ते असे. प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचेतल्या, नाकातल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा शरीरात आले की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. त्यातून खाज, सूज, शिंका आणि श्वासनलिकेचे आकुंचन सुरू होते. ‘इतकी वर्षे खातोय, आजच कशी अ‍ॅलर्जी झाली?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आधी प्रतिपिंडे तयार व्हावी लागतात आणि ती कोणत्याही वयात तयार होऊ शकतात.

सगळ्यात आधी: जिवावर बेतणारी प्रतिक्रिया

बाकी लेख सावकाश वाचला तरी चालेल, हा भाग मात्र आजच वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या. या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. संशय केव्हा घ्यायचा? अंगावर गांधी, लाली किंवा ओठ-जिभेला सूज आली आणि सोबत धाप, छातीत घरघर, चक्कर, शुद्ध हरपणे किंवा थांबत नसलेल्या उलट्या सुरू झाल्या, तर. आणखी एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. ज्याची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत आहे ते पोटात गेले आणि आवाज बदलला, गिळता येईना, श्वास अडकू लागला किंवा माणूस पांढराफटक पडून कोसळला, तर त्वचेवर एकही चट्टा नसला तरी तो अ‍ॅनाफिलॅक्सिसच समजायचा.

करायचे काय, तेही याच क्रमाने:

१. अ‍ॅड्रेनलिनचे पेन, म्हणजे औषध आधीच भरलेले, दाबताच टोचणारे इंजेक्शन, जवळ असेल तर लगेच वापरा. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच टोचा. पेन मुठीत धरा, अंगठा कोणत्याही टोकावर ठेवू नका. घाईत पेन उलटे धरून स्वतःच्याच अंगठ्यात सुई मारून घेणे ही नेहमी घडणारी चूक आहे. किती सेकंद दाबून धरायचे ते पेनावर छापलेले असते. मूल असेल तर त्याचा पाय घट्ट धरा, नाहीतर झटक्याने सुई ओरखडा काढते.

२. माणसाला आडवे झोपवा, पाय उंचावर ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, गरोदर बाईला डाव्या कुशीवर. उभे करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभे केले की हृदयाकडे परत येणारे रक्त तुटते आणि काही सेकंदांत हृदय बंद पडू शकते.

३. रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हाच शब्द सांगा.

४. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरे पेन दुसऱ्या मांडीत. म्हणूनच ज्यांना धोका आहे त्यांनी नेहमी दोन पेन जवळ बाळगायची.

अ‍ॅलर्जीची गोळी अ‍ॅड्रेनलिनची जागा घेऊ शकत नाही. गोळीचा परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. ती खाज कमी करते, पण सुजलेला घसा मोकळा करत नाही की पडलेला रक्तदाब वर आणत नाही. ‘आधी गोळी देऊ, बघू कमी होतंय का’ या विचारात जाणारी मिनिटे सगळ्यात महागात पडतात. पेन दिल्यावर छातीत धडधड होते, हात थरथरतात, चेहरा फिका पडतो. हे औषधाचेच काम आहे, थोड्या वेळात जाते. शंका असेल तर पेन द्यावे, असे आमचे ठाम मत आहे.

रुग्णालयात अ‍ॅड्रेनलिन वजनाप्रमाणे देतात: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांना एका वेळी जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, स्नायूत. पेनात मात्रा ठरलेली असते, बहुधा लहान मुलांसाठी ०.१५ आणि मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅम. बरे वाटू लागले तरी काही तास रुग्णालयात थांबायचे, कारण काहींना तीच प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळते. तिथे आठवणीने ट्रिप्टेज नावाची, मास्ट पेशींनी रसायने सोडली का ते दाखवणारी रक्ततपासणी मागा. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत रक्त घेतले गेले तरच तिचा खरा उपयोग. पूर्ण बरे झाल्यावर, किमान एका दिवसाने, दुसरा नमुना घेऊन दोन्ही आकडे ताडून पाहतात.

पेन फ्रिजमध्ये ठेवू नये, उन्हात तापणाऱ्या गाडीतही नाही. महिन्यातून एकदा पेनावरच्या छोट्या खिडकीतून औषध बघा. ते पाण्यासारखे स्वच्छ हवे. पिवळट-तपकिरी दिसले, गढूळ झाले किंवा मुदत संपली की नवे घ्यायचे.

हे अ‍ॅलर्जीचेच आहे का?

घड्याळ हा इथला पहिला साक्षीदार. आयजीईमुळे होणारी प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. काल सकाळी खाल्लेल्या पदार्थाने आज संध्याकाळी गांधी उठल्या, असे सहसा होत नाही. याला एक ठळक अपवाद आहे. काही गोचिडांच्या चाव्यानंतर प्राण्यांच्या लाल मांसातल्या अल्फा-गॅल या शर्करेची अ‍ॅलर्जी होते आणि तिची प्रतिक्रिया जेवणानंतर तीन ते सहा तासांनी येते, म्हणजे बऱ्याचदा मध्यरात्री. स्पर्शाने होणाऱ्या इसबाची गोष्ट वेगळी. निकेलचे कानातले, केसांचा रंग, सुगंधी मलम, रबरातली रसायने यांची प्रतिक्रिया एक ते तीन दिवसांनी उमटते, कारण ती प्रतिपिंडांची नसून टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींची असते.

सर्दी की नाकाची अ‍ॅलर्जी? अ‍ॅलर्जीत नाक, टाळू आणि डोळ्यांना खाज असते, शिंका एकामागून एक सलग येतात, नाकातून पाण्यासारखा स्राव गळतो आणि ताप नसतो. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. अ‍ॅलर्जीचा त्रास आठवडेच्या आठवडे चालतो किंवा दरवर्षी त्याच सुमाराला परत येतो. एकच नाकपुडी चोंदत असेल, एकाच बाजूने रक्त किंवा घाण स्राव येत असेल तर ते अ‍ॅलर्जीचे लक्षण नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

अंगावरच्या गांधींसाठी एक सोपी, घरची चाचणी आहे. एखाद्या गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि बाजूला वेळ लिहा. खरी गांधी २४ तासांच्या आत त्या जागेवरून मागमूस न ठेवता जाते, भले नवी शेजारी उठो. तीच गांधी दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल आणि जाताना निळसर डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार करावा लागतो. मुलांमध्ये अचानक उठणाऱ्या गांधींचे सगळ्यात नेहमीचे कारण साधा विषाणूसंसर्ग असते, आदल्या दिवशीचे जेवण नव्हे. आणि गांधी सहा आठवड्यांहून जास्त काळ रोज किंवा दिवसाआड येत असतील, तर बाहेरचा पदार्थ जवळजवळ कधीच सापडत नाही. अशा वेळी एकेक अन्न बंद करत बसणे म्हणजे स्वतःचे हाल करून घेणे आहे.

गांधी किंवा खाज नसताना फक्त ओठ, जीभ किंवा चेहरा सुजत असेल तर औषधांची यादी तपासा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी अशी सूज येते, तीही कधी कधी गोळी सुरू करून महिने-वर्षे लोटल्यावर. तिच्यावर अ‍ॅलर्जीची औषधे चालत नाहीत. गोळी बदलण्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा.

दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगणे, गुरगुरणे आणि जुलाब होत असतील तर बहुधा लॅक्टोज पचत नाही. त्याने त्रास होतो, जीव जात नाही. कच्चे सफरचंद खाल्ल्यावर तोंड खाजते, पण शिजवलेले चालते, असे असेल तर मूळ अ‍ॅलर्जी बर्च झाडाच्या परागांची असू शकते. दोन्हीकडची प्रथिने इतकी सारखी असतात की प्रतिपिंडे फसतात, आणि फळातले प्रथिन शिजवल्यावर मोडते.

नोंद कशी ठेवायची

‘काहीतरी खाल्लं आणि अंगावर उठलं’ यातून काहीच हाती लागत नाही. नोंद पुढच्यासारखी हवी:

‘मंगळवार. संध्या. ७.३० ताप होता म्हणून आयब्युप्रोफेनची एक गोळी. ८.१० कोळंबी, पाच-सहा नग, सोबत भात. ८.३५ तळहात खाजू लागले. ८.५० मानेवर आणि पोटावर गांधी, फोटो काढला. श्वास ठीक. ९.०० सेटिरिझिन १० मिलिग्रॅम. १०.३० सगळे मावळले. याआधी कोळंबी दोन आठवड्यांपूर्वी खाल्ली, काही झाले नव्हते.’

या सहा-सात ओळींत किती माहिती आहे बघा. पंचवीस मिनिटांचे अंतर आयजीईच्या प्रतिक्रियेला शोभणारे आहे. मागच्या वेळी काही झाले नाही आणि या वेळी झाले, यातला फरक कदाचित त्या तापाच्या गोळीचा. वेदनाशामके, व्यायाम, मद्य आणि संसर्ग यांच्यामुळे प्रतिक्रियेचा उंबरठा खाली येतो. काहींना गहू खाऊन पळायला गेल्यावरच त्रास होतो, नुसता गहू किंवा नुसते पळणे दोन्ही निभते. शिवाय ती गोळी एकटीही दोषी असू शकते. म्हणून पुढची चौकशी दोन्ही बाजूंनी होईल. वेष्टनाचा फोटो, औषधांची यादी, चट्ट्यांचे फोटो आणि वेळा एवढे घेऊन गेलात तर पहिलीच भेट कारणी लागते.

चाचण्या: कोणती कशासाठी

पहिली पसंती त्वचेवरच्या टोचणी-चाचणीला. हाताच्या पुढच्या भागावर अर्काचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोक त्वचेच्या अगदी वरच्या थरात टोचतात. रक्त येऊ नये इतके हलके. सोबत दोन थेंब तुलनेसाठी असतात: एक हिस्टामिनचा, जो फुगायलाच हवा, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जो फुगता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी फुगवट्याचा व्यास मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा तो ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठा असेल तर चाचणी सकारात्मक. हिस्टामिनचा थेंबच फुगला नाही तर सगळी चाचणी बाद. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे पोटात असलेली अ‍ॅलर्जीची गोळी.

त्यामुळे तयारी महत्त्वाची. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. खोकल्या-सर्दीच्या आणि झोपेच्या काही औषधांतही हिस्टामिनविरोधी घटक दडलेला असतो, म्हणून लेबल वाचा. नैराश्यावरची काही औषधेही चाचणी दडपतात, पण ती स्वतःहून बंद करायची नाहीत, आधी विचारायचे. चाचणीच्या जागी स्टेरॉइड मलम लावलेले नसावे. नाकातला स्टेरॉइडचा फवारा आणि दम्याचा पंप चालू ठेवायला हरकत नाही. नुकतेच अ‍ॅनाफिलॅक्सिस झाले असेल तर चार ते सहा आठवडे थांबा. मास्ट पेशी रिकाम्या झालेल्या असताना चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

गोळ्या थांबवता येत नसतील, सगळ्या अंगावर इसब असेल किंवा गांधी रोजच उठत असतील तर रक्तातली विशिष्ट आयजीई, म्हणजे संशयित पदार्थाविरुद्धची आयजीई, मोजतात. तिला उपाशी राहावे लागत नाही, औषधेही थांबवावी लागत नाहीत. ०.३५ केयू (किलोयुनिट) प्रति लिटर ही रूढ सीमारेषा आहे.

आता खरी मेख. सकारात्मक चाचणीचा अर्थ एवढाच की शरीरात प्रतिपिंडे आहेत. अ‍ॅलर्जी आहे असे म्हणायला लक्षणेही हवीत. तुम्ही अंडे मजेत खात असाल आणि अहवालात अंड्यासमोर सकारात्मक लिहिले असेल, तर अंडे खात राहा. आकडा मोठा असला की प्रतिक्रिया होण्याची शक्यता वाढते, पण ती किती भयंकर असेल हे आकडा सांगत नाही. म्हणून एकदम शंभर पदार्थांची चाचणी करून घेऊ नये, संशय असलेल्याच गोष्टी तपासाव्या. एकूण आयजीईवरून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कळत नाही. अन्नाविरुद्धची आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे दाखवणारे महागडे अहवाल तर निदानासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुमच्या आहारात आहे एवढीच खूण. केसांवरून, नाडीच्या यंत्रावरून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

स्पर्शाच्या इसबासाठी पॅच चाचणी असते. पाठीवर रसायनांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. तोपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. दुसऱ्यांदा दाखवायला न जाणे ही इथली नेहमीची चूक. उशिरा उमटणाऱ्या प्रतिक्रिया त्यामुळे निसटतात.

अन्नाबाबत शेवटचा शब्द असतो तो देखरेखीखाली खाऊन पाहण्याचा. अगदी कणभरापासून सुरुवात करून दर १५ ते ३० मिनिटांनी मात्रा वाढवत एका वेळी खातो तेवढ्या पूर्ण प्रमाणापर्यंत नेतात. हे रुग्णालयातच करायचे, घरी कधीही नाही. इसब असलेल्या मुलाचे दूध, अंडी, गहू महिनोन्महिने बंद ठेवण्यातही धोका आहे. आधी सहन होणारा पदार्थ दीर्घ खंडानंतर परत दिला की कधी कधी तीव्र प्रतिक्रिया येते. चाचणीपुरते पथ्य दोन ते चार आठवडे, मग पदार्थ परत देऊन खात्री, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

उपचार: आधी कारण, मग औषध

धुळीतले सूक्ष्म किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर आणि हवेतल्या ओलाव्यावर जगतात, म्हणून त्यांचे खरे घर म्हणजे गादी आणि उशी. जमिनीवरची धूळ झाडत बसण्याआधी गादी-उशीला घट्ट विणीची अभ्रे घाला, चादरी आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. यातले एकच करून फारसा फरक पडत नाही, तिन्ही एकत्र करावे लागते. मांजराचे प्रथिन केसांपेक्षा लाळेतून आणि त्वचेतून येते आणि मांजर गेल्यावरही महिनोन्महिने घरात टिकते. परागांच्या दिवसांत बाहेरून आल्यावर कपडे बदला, केस धुवा, कपडे उघड्यावर वाळत घालू नका.

औषधांत नाकासाठी सगळ्यात परिणामकारक आहे तो स्टेरॉइडचा फवारा, आणि तोच सगळ्यात चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. नाक शिंकरून घ्या, बाटली हलवा. मान किंचित पुढे झुकवा, मागे टाकू नका. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारा, म्हणजे नळीचे तोंड आपोआप कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यापासून दूर जाते. पडद्यावर मारत राहिल्याने घोळणा फुटतो. फवारल्यावर हलकेच श्वास घ्या, जोरात ओढू नका. औषध घशात उतरल्याची कडू चव आली तर समजा की ते नाकात राहिलेच नाही. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तीन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. त्रास ठराविक ऋतूतच होत असेल तर दोन आठवडे आधी सुरू करा.

नाक झटकन मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. पुढे थेंबांमुळेच नाक चोंदू लागते आणि सवय सोडवणे कठीण होते.

गोळ्यांपैकी दुसऱ्या पिढीच्या घ्या: सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लोराटाडिन १० मिलिग्रॅम किंवा फेक्सोफेनाडिन, प्रौढांना दिवसातून एकदा. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, रसामुळे ते कमी शोषले जाते. सेटिरिझिनने काहींना झोप येते. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि झोप येत नसल्यासारखे वाटले तरी गाडी चालवताना प्रतिक्रिया मंदावलेली असते. मॉन्टेलुकास्ट सुरू केल्यावर मुलाची झोप, स्वभाव, मनःस्थिती बदलली तर लगेच डॉक्टरांना कळवा. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. दमा असेल तर त्याचा पंप नियमित घ्या. आटोक्यात नसलेला दमा अन्नाची अ‍ॅलर्जी जीवघेणी करतो.

बाळांबद्दल जुना सल्ला आता उलटला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाणा नियमित दिला गेला. पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी न देणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अशा जोखमीच्या बाळांना डॉक्टरांना विचारून, शेंगदाणा पातळ केलेल्या पीनट बटरच्या स्वरूपात द्यावा. अख्खा दाणा कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शिक्का लागलेल्या दहापैकी नऊ जणांना तपासणीअंती पेनिसिलिन चालते. लहानपणी तापात उठलेले पुरळ किंवा औषधाने झालेले जुलाब यावरून तो लागलेला असतो. तो काढून घेण्यासारखा आहे, कारण त्यापायी कमी योग्य प्रतिजैविके मिळत राहतात. पण औषधानंतर त्वचेवर फोड आले असतील, कातडी सुटली असेल किंवा तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या असतील तर ते औषध पुन्हा अजमावूनही पाहायचे नाही.

मूळ प्रतिक्रियाच बदलणारा उपचार

लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचे इंजेक्शन देऊन सुरू केलेली इम्युनोथेरपी आजही तशीच चालते: ज्याची अ‍ॅलर्जी तेच, वाढत्या मात्रेत. मधमाशी-गांधीलमाशीच्या विषासाठी तिच्याइतके प्रभावी दुसरे काही नाही. पराग आणि धुळीतल्या किड्यांसाठीही ती चांगली लागू पडते. इंजेक्शने आधी आठवड्याला, मग महिन्याला, अशी तीन ते पाच वर्षे चालतात. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे, घाई असली तरी. त्या दिवशी ताप असेल, दमा बळावला असेल किंवा मधली तारीख चुकली असेल तर टोचण्याआधी सांगा. मात्रा पुढे ढकलावी किंवा कमी करावी लागते.

जिभेखालच्या गोळ्यांचा पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्यायचा, पुढचे घरी. गोळी जिभेखाली विरघळू द्या, लगेच गिळू नका, नंतर पाच मिनिटे काही खाऊ-पिऊ नका. पहिले एक-दोन आठवडे तोंडात खाज आणि कानात सळसळ होते, ती बहुधा आपोआप कमी होते. दात काढला असेल किंवा तोंडात मोठी जखम असेल तर ती भरेपर्यंत गोळी थांबवा आणि किती दिवस खंड पडला ते डॉक्टरांना कळवून मगच पुन्हा सुरू करा.